मापाला जुनं चालणार नाही

कुसुमकाकूंच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या बाईला त्या "ये, बस" म्हणायच्या नाहीत. दाराला कडी लावायच्या, रिळावरचा पांढरा दोरा हातभर ओढायच्या आणि म्हणायच्या, "हात वर कर." बाई दचकायचीच. "दरोडेखोरसुद्धा आधी नावगाव विचारतो हो," असं एकीनं तोंडावर सुनावलं होतं. काकू ढिम्म. "नाव मागाहून सांग. हात आधी."

काकू बॉड्या शिवायच्या. आता मुली दुकानात जाऊन खणखणीत आवाजात ब्रा मागतात, रंग सांगतात, पट्टे काढता येणारी दाखवा म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या सुरतेत आम्हा मराठी घरांमध्ये या वस्तूला धड नावच नव्हतं. "आतलं" म्हणायचं, आणि तेही हळू. जुन्या बायका बॉडी म्हणायच्या, शिकलेल्या ब्रेसियर म्हणायच्या, आणि म्हणताना दोघीही दाराकडे बघायच्या. काकू मात्र बॉडीला बॉडीच म्हणायच्या, आणि भाजीवालीशी ज्या पट्टीत बोलायच्या त्याच पट्टीत म्हणायच्या.

सुरतेतल्या उधन्याला रेल्वेलाईनच्या पलीकडे एका ओळीत आमची घरं होती. माझे वडील, म्हणजे अप्पा, बँकेत होते. शेजारी गोविंदकाका, रेल्वेच्या मालगोदामात कारकून, आणि कुसुमकाकू त्यांच्या पत्नी. माहेर-सासर दोन्ही नंदुरबारकडचं. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण चिडल्या किंवा फार माया आली की अहिराणी बाहेर पडायची. "कसाले लाजस वं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कशाला लाजतेस, एवढाच त्याचा अर्थ, पण ते ऐकून भलीभली बाई खांद्यावरचा पदर सोडून उभी राहायची. अंगानं काकू उंच आणि काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, ओठांत कायम टाचण्या. एखादी टाचणी पोटात गेली तर काय कराल, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. "शिवून घेईन," म्हणाल्या.

ही विद्या त्यांनी मिळवली नानपुऱ्यातल्या शिरीनबाई नावाच्या पारशी बाईंकडे. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा काकू त्यांच्याकडे कपडे शिवायला जायच्या. शिरीनबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या सासूचा जुना कॉर्सेट होता, पाठीला दोऱ्यांनी आवळायचा, आत देवमाशाच्या हाडांच्या पट्ट्या घातलेला. काकूंनी तो मागून घेतला आणि अख्खा उसवला. "आपल्या बरगड्या कमी पडल्या म्हणून वर माशाच्या घातल्या होत्या मेल्यांनी," असं त्या सांगायच्या. "घालणारी श्वास कशी घेत असेल कोण जाणे! पण उसवल्यावर एक कळलं, की अंग वळतं तिथं कापडही वळवायचं. सरळ कापड कापलं की ते बाईला टोचणार."

दुपारी पायमशीन चालवता चालवता त्या असला इतिहास सांगत बसायच्या आणि मी काज करायला म्हणून तिथं रेंगाळायची. "आधी चोळीलाच समोर गाठ मारायची. आतलं काय नि बाहेरचं काय, सगळं एकच. मग पोलकं आलं, पोलक्याच्या आत बॉडी आली, समोर बटणांची, जाड मांजरपाटाची. मग हूक आले आणि ते गेले पाठीमागे. बायकांचे खांदे भरून यायला लागले. हूक पुढे लावायचे आणि मग अख्खी बॉडी फिरवून घ्यायची, ही युक्ती जिला पहिल्यांदा सुचली तिचे पाय धरायला हवेत." सिनेमातल्या नट्यांसारख्या, गोल गोल शिलाईच्या टोकदार ब्रेसियर बाजारात आल्या तेव्हा कुणीतरी एक नमुना म्हणून आणली. काकूंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "हे भोवरे कुठं फिरवायचेत?" सुरतेत गल्लोगल्ली नकली रेशमाचे माग, त्यामुळे नायलॉन आणि साटीनचे तुकडे हवे तेवढे मिळायचे. काकू ते लग्न ठरलेल्या मुलींनाच द्यायच्या. "सुरतेच्या घामाला सुतीच. नायलॉन फोटोपुरतं." आणि इलॅस्टिकबद्दल, "त्याच्यावर भरवसा ठेवू नये. वर्षभरात ते मन बदलतं."

आमच्या ओळीतला एक रिवाज सांगायलाच हवा. धुतलेली बॉडी कुणी उघड्यावर वाळत घालायचं नाही. मागच्या अंगणातल्या दोरीवर आधी बॉडी, तिच्यावर परकर, परकरावर पंचा. ती बिचारी तिथं अंधारात गुदमरायची, पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस दमट राहायची, आणि मग बायका काखेत खाजवत फिरायच्या. काकूंच्या बॉड्या मात्र पुढच्या दोरीवर, भर उन्हात, ओळीनं. एकदा शेजारच्या पुरुषमंडळींनी गोविंदकाकांना गाठून हे बरं दिसत नाही म्हणून सांगितलं. काका बिचारे मवाळ, त्यांनी घरात येऊन चाचरत विषय काढला. काकू दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "तुमच्या बनियनींना चाळणीसारखी भोकं पडलीत, त्या पुढच्या दोरीवर चालतात. आणि आमची नवीकोरी बॉडी मागं अंधारात का म्हणून?" त्यानंतर कुणी बोललं नाही. बनियनी मात्र काही दिवस मागच्या दोरीवर गेल्या.

माझी पहिली ब्रेसियर आईनं बाजारातून आणली. आई म्हणजे लाजेचा कळस! दुकानदार पुरुष, तो वर पंख्याकडे बघत विचारतोय, "केटली साईझ, बेन?" आणि आई खाली काऊंटरकडे बघत सांगतेय, "मोठी द्या." का, तर माझे फ्रॉक, माझी चप्पल, शाळेचा गणवेश, सगळंच आमच्याकडे वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत. तोच हिशेब तिनं इथं लावला. मी ती घातली आणि पुढं दोन रिकामी भांडी उपडी ठेवल्यासारखं दिसायला लागलं. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "अगं, वर्षभरात भरशील त्यात." मी तशीच काकूंकडे पळाले. त्यांनी एकदा बघितलं, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि भिंतीला टेकून पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हात वर कर."

काकूंचं माप घेणं निराळं होतं. टेप नाही, कागद-पेन्सिल नाही. दोरा अंगाभोवती घ्यायचा, जिथं जुळेल तिथं चिमटीत धरून एक गाठ मारायची, बस. "बायकांची मापं कागदावर चढवायची नाहीत. कागद कुणाच्याही हाती पडतो." कापड बेतून झालं की तो दोरा तोडून चुलीत. त्यामुळे दर वेळी नवं माप. कुणी जुनी बॉडी आणून "याच मापाची शिवा" म्हणालं की त्या ती परत करायच्या. "मापाला जुनं चालणार नाही. कापड तेच राहतं, बाई बदलते." आणि दोरा घेताना त्यांचा हात सगळीकडून फिरायचा, काखेपासून, सरळ, घाई न करता, कणकेचा गोळा मळून झाला का ते बघावं तसा. आपल्याला काही वाटायच्या आत तो फिरून गेलेलाही असायचा.

हा नियम त्यांनी एकाच बाईसाठी मोडला होता, ती म्हणजे माझी आई. आई काकूंची जिवाभावाची मैत्रीण, पण त्यांच्यापुढे हात वर करायला काही केल्या तयार नव्हती. "वहिनी, मला नाही हो जमायचं. जुन्यावरून शिवा ना." काकू कुरकुरायच्या आणि शिवायच्या. आईची जुनी बॉडी वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत तळाशी घालून, वर मेथीची जुडी ठेवून मीच शेजारी पोचवायची.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षीची गोष्ट. अशीच मेथीखालून बॉडी पोचवून मी अभ्यासाला बसले. थोड्या वेळानं काकू आल्या. बॉडी उघडीच हातात, वर्तमानपत्र नाही की पिशवी नाही. आई ओरडलीच, "अगंबाई, वहिनी, झाका ते!"

काकूंनी दाराला कडी लावली. चेहरा असा, की मी पुस्तक मिटलं.

"सुमन, डावीकडचीच शिवण का उसवलीस?"

"घट्ट होत होती."

"एकाच बाजूला?"

काकूंनी ती बॉडी खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघ. आधी जरा सैल केलीस आणि धावदोरा घातलास. मग पुन्हा उसवून आणखी सैल केलीस. मग आणखी. जुन्या टाक्यांची भोकं तशीच आहेत इथं, एका ओळीपुढे दुसरी ओळ. उजवी बाजू जशीच्या तशी आहे. कधीपासून आहे हे?"

आई खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "विजूची परीक्षा होऊ दे, मग बघू म्हटलं. दुखत नाही हो वहिनी, खरंच दुखत नाही. आणि डॉक्टर सगळे पुरुष. त्यांच्यापुढं मी कशी..."

"कसाले लाजस वं?" काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग त्या आईजवळ बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हात वर कर."

आईनं डोळे मिटले आणि हात वर केला. या वेळी काकूंच्या हातात दोरा नव्हता. बोटं एका जागी थांबली, थोडी पुढं सरकली आणि परत तिथंच आली. हात काढून घेतल्यावर काकूंनी आपल्याच तळव्याकडे बघितलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "साऱ्या उधन्याला नियम लावला आणि तुला सोडलं. तुझी लाज सांभाळत बसले मी." आई रडत होती आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आपली आई मरणार की काय, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

अप्पा बँकेतून आले, तेव्हा ते बूट काढत असतानाच काकूंनी सांगितलं, "भाऊजी, सुमनच्या डाव्या छातीत गाठ आहे. मोठी आहे." अप्पांसमोर कुठल्याही शेजारणीनं असला शब्द आजवर उच्चारला नसेल. त्यांनी एक बूट काढला होता. तो परत घालून ते म्हणाले, "वहिनी, कुठं जायचं?"

काकूंच्या गिऱ्हाइकांमध्ये एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे आधी नेलं, त्यांनी पुढं मोठ्या इस्पितळात पाठवलं. ऑपरेशन झालं, डावी बाजू सगळी काढून टाकावी लागली. आणखी थोडे दिवस थांबला असतात तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी अप्पांना स्पष्ट सांगितलं. माझी परीक्षा त्याच धांदलीत झाली आणि मी पासही झाले. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

आई घरी आली, पण आईसारखी आली नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून कोपऱ्यात बसायची. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर डोकं दुखतंय म्हणायची. डावा हात सुजलेला, तो तिनं पोटाशी धरून ठेवलेला. जखम सुकेपर्यंत काकूंनी तिला काही म्हटलं नाही. मग एके दिवशी सकाळची कामं उरकून आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. "हात वर कर." आईचा हात खांद्याच्या खालीच अडला. "आज एवढाच? बरं. उद्या थोडा आणखी." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत हजर. आई चिडायची, रडायची, एकदा तर "तुम्ही येऊच नका" म्हणाली. काकू दुसऱ्या दिवशी आल्याच. पुढं पुढं भिंतीवर खडूनं रेघ मारायला लागल्या, आणि हात रेघेच्या वर गेला की आईच्या तोंडात गुळाचा खडा घालायच्या.

हात डोक्यापर्यंत जायला लागला तशी काकूंनी तिच्यासाठी बॉडी शिवायला घेतली. डाव्या बाजूला आत कापडी पिशवी. पहिल्यांदा कापूस भरला. तो इतका हलका, की आई चार पावलं चालली की सगळं गळ्याशी यायचं. काकू विचारात पडल्या. "वजन पाहिजे. उजवीला वजन आहे, डावीला नाही, म्हणून वाकडी चालतेस." मग त्यांनी बाजरी आणली, उजवीकडच्या अंदाजानं पिशवीत भरली आणि तोंड पक्कं शिवून टाकलं. छान बसली. आई आरशासमोर जाऊन पदर एका खांद्यावर घेऊन उभी राहिली. बाहेर पडली नाही, पण उभी राहिली.

पावसाळ्याचे दिवस होते. आईनं ती बॉडी धुतली आणि सवयीप्रमाणे मागच्या दोरीवर घातली, वर परकर, वर पंचा. दोन-तीन दिवसांनी काढायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "विजू, काकूंना बोलाव!" आम्ही दोघी धावत गेलो. आईनं बॉडी पुढं धरली होती. डाव्या बाजूच्या शिवणीतून बारीक बारीक हिरवट-पांढरे कोंब बाहेर आले होते. बाजरीला मोड आले होते!

काकूंनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मन्ही माय वं! सुमन, पीक आलं गं तुला!"

आईच्या पोटातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच. जखमेवर हात दाबून, "अगंबाई, ओढ बसते, हसवू नका हो वहिनी" म्हणत म्हणत हसत होती. काकू चिखलातच बसल्या. "तरी सांगत होते, उन्हात वाळव, उन्हात वाळव! खळ्यावर आणायची वेळ आली बघ आता." अप्पा हातात वर्तमानपत्र घेऊन मागच्या दारात आले, काय झालं विचारायला लागले, आणि आम्हा तिघींनाही सांगता येईना.

पुढच्या खेपेला काकूंनी भरतकामाचे काचेचे मणी भरले आणि पिशवीला तोंड ठेवलं, म्हणजे धुताना मणी काढून ठेवता येतील. त्या श्रावणात आई हळदीकुंकवाला गेली, पदर एका खांद्यावर घेऊन. आणि तिची बॉडी पुढच्या दोरीवर आली, काकूंच्या बॉड्यांच्या शेजारी. अप्पांनी ती बघितली आणि आपली बनियन थोडी बाजूला सरकवून तिला जागा केली. दर खेपेला काकू दोरा घेऊन यायच्या आणि आई न सांगता हात वर करायची.

गोविंदकाका निवृत्त झाले तसे दोघं नंदुरबारला परत गेले. निघायच्या सकाळीसुद्धा काकूंनी आईचं माप घेतलं होतं. स्टेशनवर आईनं त्यांच्या गळ्यात पडून विचारलं, "आता माझं माप कोण घेणार?" गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून उंच वर केला, आणि इकडून आईनंही केला. डावा.

त्यानंतर वर्षभरानं काकू गेल्या. झोपेतच गेल्या, असं काकांनी कळवलं. मी तेव्हा लेकीला घेऊन माहेरी आले होते. संध्याकाळच्या आधी आईनं पुढच्या दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, मग आत आली आणि दाराला कडी लावली.

"विजू, हात वर कर."

"आई, अगं तुला शिवता कुठं येतं? आणि दोरा कुठाय?"

"शिवायचंय कुणाला?" आई म्हणाली. "कर हात वर."